हातचं राखून सांगितलेली गोष्ट

१७ सप्टेंबर २०१८, सोमवार. आपल्याकडे गौरीविसर्जनाचा दिवस. भारतीय वेळेनुसार रात्री ८ वाजून २७ मिनिटांनी पाच प्रोग्रामरांना एक संदेश आला. पाठवणाऱ्यानं खरं नाव लपवलं होतं. पाचांपैकी पीटर वुइले, ग्रेगरी मॅक्सवेल आणि व्लादिमिर व्हॅन डर लान हे तिघं ‘बिटकॉइन कोअर’चे, म्हणजे बिटकॉइनचं जाळं ज्या सॉफ्टवेअरवर प्रामुख्यानं चालतं त्याचे जाणकार. उरलेले दोघं ‘बिटकॉइन कॅश’ या प्रतिस्पर्धी चलनाच्या गोटातले. संदेशातला मजकूर असा, की एका विशिष्ट तऱ्हेचा व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, घातला तर तो ब्लॉक वाचणारा प्रत्येक संगणक जागच्या जागी बंद पडेल.

ज्यांच्याशी उभा दावा मांडलाय त्यांनाही आणि आपल्यांनाही एकाच वेळी धोक्याची सूचना देणारा हा माणूस कोण, हा प्रश्न त्या रात्री मागे पडला, कारण सूचना खरी निघाली. ती जेवढी दिसत होती त्याहून किती मोठी आहे, हे मात्र खुद्द सूचना देणाऱ्यालाही कळलेलं नव्हतं.

या दोन गोटांचं वैर समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळायची नाही. बिटकॉइनचा ब्लॉक केवढा असावा यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. एका बाजूचं म्हणणं, ब्लॉक मोठा केला की व्यवहार स्वस्त होतील; दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मोठ्या ब्लॉकचा भार घरच्या साध्या संगणकाला पेलणार नाही आणि सगळा कारभार चार बड्या धेंडांच्या हाती जाईल. १ ऑगस्ट २०१७ रोजी वाटण्या झाल्या आणि ‘बिटकॉइन कॅश’ वेगळं निघालं. त्याआधी, मार्च २०१७ मध्ये, मोठ्या ब्लॉकवाल्यांच्या ‘बिटकॉइन अनलिमिटेड’ या सॉफ्टवेअरमध्ये दुरून संगणक बंद पाडता येईल अशी चूक सापडली होती. दुरुस्ती खुल्या कोडमध्ये टाकली गेली, पण ती लोकांपर्यंत पोचायच्या आत कोअरच्या बाजूच्या एका नामवंत प्रोग्रामरनं ट्विटरवर तिची टर उडवली. मग काय, टपून बसलेल्यांनी काही तासांत शेकडो नोड, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवणारे संगणक, आडवे केले. २०१८ च्या सप्टेंबरमधली सूचना देणारा माणूस त्याच ‘अनलिमिटेड’चं काम करणारा होता. उट्टं काढायची याहून चांगली संधी शोधून मिळाली नसती.

आता ती चूक. बिटकॉइनमध्ये आपल्या बँकेसारखं खातं नसतं आणि शिल्लकही नसते. आधीच्या व्यवहारांतून कुणाच्या तरी नावे आलेल्या, अजून न मोडलेल्या रकमा तेवढ्या असतात. पैसे द्यायचे म्हणजे त्यातली एखादी रक्कम उचलायची आणि पुढच्याच्या नावे करायची. समजा, गिऱ्हाईकानं पाचशेची एकच नोट पुढे केली आणि दुकानदारानं गल्ल्यात टाकताना ती दोनदा मोजून हजाराचा माल दिला. व्यवहाराच्या यादीत एकच रक्कम दोनदा लिहिणं म्हणजे हेच. असा व्यवहार फेटाळायची तपासणी कोडमध्ये होती, आणि ती दोन दारांवर होत असे: एकदा व्यवहार सुटा येतो तेव्हा, आणि पुन्हा तो ब्लॉकमध्ये बसून येतो तेव्हा.

२०१६ साली मॅट कोरॅलो या प्रोग्रामरनं दुसऱ्या दारावरची तपासणी काढायचं सुचवलं. एकदा बघितलेलं पुन्हा कशाला बघायचं? वेळ वाचला असता तो किती, तर ब्लॉकमागे साधारण ६०० मायक्रोसेकंद. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वाचणाऱ्याला हा कद्रूपणा वाटेल, पण त्यामागे तत्त्व होतं. ब्लॉक जगभर पोचायला उशीर झाला की त्याचा फायदा मोठ्या मायनिंग पूलना, म्हणजे एकत्र येऊन ब्लॉक बांधणाऱ्यांना, होतो आणि लहान मायनर मागे पडतात. वेग वाढवणं हा सत्ता एकवटू न देण्याचाच एक उपाय होता. बिटकॉइनला मोकळं ठेवण्याच्या धडपडीतच बिटकॉइनला भगदाड पडलं, हा या गोष्टीतला मला सगळ्यात बोचणारा भाग वाटतो.

बदल जाणत्या मंडळींनी तपासला, मान्य केला, आणि मार्च २०१७ मध्ये ०.१४ या आवृत्तीतून तो सगळीकडे गेला. कोडमध्ये त्या तपासणीच्या डोक्यावर एक ओळीची टीप लिहिलेली होती: ही तपासणी सावकाश चालते, म्हणून ब्लॉक तपासताना आपण ती गाळतो. आणि ब्लॉक तपासणाऱ्या भागात त्या फंक्शनला हाक मारताना शेवटचा शब्द होता ‘फॉल्स’. बस्स, एवढंच. ज्याला वाचता येतं अशा कुणालाही ही ओळ उघड दिसत होती, कारण हा कोड जगापुढे उघडाच असतो. दीड वर्ष ती हजारो डोळ्यांखालून गेली.

मायनर स्वतः ब्लॉक बांधतो, त्यामुळे त्याला पहिल्या दारातून जायची गरजच नसते. त्याच्या मनात आलं तर तो घडवलेला व्यवहार थेट आपल्या ब्लॉकमध्ये घालू शकतो. ०.१४ मध्ये असं कुणी केलं असतं तर पुढच्या टप्प्यावर हिशेब जुळला नसता आणि तिथं बसवलेल्या ‘असर्ट’नं, म्हणजे भलतंच काही दिसलं तर काम थांबव असं सांगणाऱ्या आज्ञेनं, सॉफ्टवेअर बंद पाडलं असतं. संदेशात वर्णन होतं ते याच पडझडीचं.

मॅक्सवेल यांनी पाऊण तासही जाऊ दिला नाही. ८ वाजून ४५ मिनिटांनी त्यांनी संदेश आणखी चौघांकडे दिला. त्यात कोरी फील्ड्स होते (त्यांचं नाव लक्षात ठेवावं, पुढे त्यांची गाठ पडणार आहे) आणि कोरॅलोही होते. म्हणजे ज्यानं तपासणी काढायला लावली, तोच आता तिचा परिणाम तपासायला बसला. रात्री ११ वाजून १७ मिनिटांनी कोरॅलोंच्या ध्यानात आलं की प्रकरण संगणक बंद पडण्यावर थांबत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ०.१५ आवृत्तीत न मोडलेल्या रकमांची वही ठेवायची पद्धत नव्यानं लिहिली गेली होती. रक्कम त्याच ब्लॉकमध्ये जन्मलेली असेल तर मोडताच तिची नोंद स्मृतीतून पुसली जाई. दुसऱ्यांदा मोडायला गेलं की हाती काहीच लागत नसे आणि ‘असर्ट’ काम थांबवत असे. पण रक्कम आधीच्या ब्लॉकमधली असेल तर नोंद लगेच पुसली जात नसे. ‘बदल झाला आहे, डिस्कवर उतरवायचा आहे’ अशा खुणेनं ती तशीच राही. त्याच नोंदीला दुसऱ्यांदा ‘मोडली का?’ म्हणून विचारलं तर उत्तर येई, हो, मोडली. ना या आवृत्तीवरचा कुठला संगणक बंद पडला असता, ना कुठं धोक्याचा दिवा लागला असता. हवेतून नवे बिटकॉइन तयार झाले असते आणि त्या सगळ्या संगणकांनी मान डोलावली असती.

ज्या चलनाची सारी प्रतिष्ठा ‘२ कोटी १० लाखांच्या वर एकही नाही’ या एका वाक्यावर उभी आहे, त्यात हे. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव २० हजार डॉलरच्या घरात गेला, जगभर लोक घरदार मोडून त्यामागे धावले, तेव्हाही हे दार सताड उघडं होतं. ते वापरायला मायनरला फार तर एका ब्लॉकच्या बक्षिसावर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागली असती. ते होतं साडेबारा बिटकॉइन, सप्टेंबर २०१८ मधल्या त्या आठवड्याच्या भावानं सुमारे ८० हजार डॉलर. (आपल्याकडे त्या वर्षी बिटकॉइन म्हटलं की पुण्यातलं ‘गेनबिटकॉइन’ घोटाळ्याचं प्रकरण नाहीतर बँकांना मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, एवढंच आठवायचं. धोका खुद्द कोडमध्ये असू शकतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.)

असं पूर्वी एकदा घडलं होतं. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बेरजेचा आकडा इतका फुगवला की संगणकाच्या ६४ बिटांत तो मावेना आणि उलटून ऋण झाला. १८ हजार कोटींहून जास्त बिटकॉइन दोन पत्त्यांवर जमा झाले. प्रोग्रामर जेफ गार्झिक यांना तो आकडा विचित्र वाटला, बोभाटा झाला, काही तासांतच बिटकॉइनचे जनक सातोशी नाकामोतो यांनी दुरुस्ती काढली आणि लोकांनी ती घेतली. नवी साखळी वाढत वाढत ७४,६९१ व्या ब्लॉकला जुनीच्या पुढे गेली आणि मधले पन्नासेक ब्लॉक रद्दीत गेले. पण तेव्हा जाळं चिमुकलं होतं आणि शब्द मानावा असा एक माणूस हजर होता. २०१८ मध्ये तो माणूस जाऊन सात वर्षं झाली होती.

जाताना सातोशी एक सोय मागे ठेवून गेला होता. मोजक्या लोकांजवळ एक गुप्त किल्ली होती. तिच्यानं सही करून संदेश सोडला की प्रत्येक नोडच्या पडद्यावर इशारा झळके. पण मोजक्यांच्या हातची अशी किल्ली हाच एक धोका, असं समुदायाला वाटू लागलं. ती चोरीला गेली तर? ज्याच्याजवळ आहे तो स्वतःला मालक समजू लागला तर? म्हणून ती व्यवस्था मोडीत काढली, आणि जुलै २०१८ मध्ये किल्लीच जगजाहीर करून टाकली, म्हणजे तिच्या जोरावर कुणाला अधिकार सांगता येऊ नये. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत ही रात्र उगवली.

तेव्हा हाती काय होतं? सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होत नाही. तसं ते मुद्दामच ठेवलेलं आहे, नाहीतर दुरुस्ती पाठवणारा तोच रिझर्व्ह बँक व्हायचा. आदेश द्यायला कुणी नाही आणि मानायला कुणी बांधील नाही. ज्यांचं ब्रीदच ‘विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा’ असं, त्या हजारो अनोळखी माणसांना कारण न सांगता ‘आजच्या आज नवं सॉफ्टवेअर घ्या’ म्हणून पटवायचं होतं. आणि कारण सांगितलं तर पहिला ऐकणारा चोर निघण्याची शक्यता.

त्यांनी ‘नरो वा कुंजरो वा’चा मार्ग धरला. संगणक बंद पाडणारी चूक आहे, ती गंभीर आहे, लगेच दुरुस्ती घ्या, एवढंच जगाला सांगायचं ठरलं. हे खरंच होतं. खोट्या नाण्यांचं मात्र हातचं राखायचं, निदान निम्म्याहून जास्त मायनिंग शक्ती सुरक्षित होईपर्यंत.

इथं मॅक्सवेल यांनी केलेली एक गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते. रात्री १२ वाजून ५९ मिनिटांनी त्यांनी खोटी नाणी कशी पाडता येतात हे दाखवणाऱ्या चाचणीचा हॅश काढला आणि त्यावर वेळेची मोहोर उठवून ठेवली. हॅश म्हणजे कुठल्याही मजकुरातून गणितानं निघणारी ६४ अक्षरी खूण. खुणेवरून मजकूर कळत नाही, पण मजकूर हाती आला की ती खूण त्याचीच हे कुणीही पडताळू शकतं. म्हणजे आज गुपित राखायचं, आणि उद्या कुणी ‘तुम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं’ किंवा ‘तुम्ही मागून कथा रचली’ म्हणालं तर पुरावा पुढे ठेवायचा. लपवतानासुद्धा आपण काय लपवतोय याची पावती त्यांनी फाडून ठेवली. एरवी सरकारं आणि बँका ‘लोकहितासाठी’ म्हणून गुपितं राखतात तेव्हा अशी पावती कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही.

पुढचे तास पळापळीचे. कोरॅलोंनी ‘स्लशपूल’ या प्राग शहरातल्या जुन्या मायनिंग पूलशी संपर्क साधायची खटपट चालवली होती. रात्री दोन वाजता बोलणं झालं, त्यांना दुरुस्ती दिली, कारण मात्र बंद पडण्याचंच सांगितलं. अठरा मिनिटांत त्यांचे संगणक नव्या कोडवर आले. २ वाजून ३८ मिनिटांनी प्रतिस्पर्ध्यांना, म्हणजे बिटकॉइन कॅशच्या ‘बिटकॉइन एबीसी’ या सॉफ्टवेअरच्या मंडळींना, कळवलं की साडेतीनपर्यंत दुरुस्ती जाहीर करतोय, कारण त्यांचं सॉफ्टवेअरही याच कोडवर बेतलेलं. पहाटे ३ वाजून २७ मिनिटांनी कोअरची दुरुस्ती जगापुढे आली. एका मिनिटानं एबीसीची. वर्षभर तोंड न बघणारे दोन भाऊबंद या एका मिनिटापुरते का होईना, पाठोपाठ उभे राहिले.

दुरुस्ती काय होती? तो ‘फॉल्स’ जाऊन तिथं ‘ट्रू’ आला. सोबत एक चाचणी जोडली होती, तीही संगणक बंद पडतो एवढंच दाखवणारी.

नवी आवृत्ती मंगळवारी रात्री उतरवून घेता येऊ लागली. मंगळवार गेला, बुधवार गेला. कोड उघडा असल्यानं दुरुस्ती बघून उलट तर्क करणं कुणाही हुशार माणसाला शक्य होतं. गुपित किती टिकेल हा फक्त वेळेचा प्रश्न होता, आणि ते टिकलं तीन दिवस. गुरुवार उलटून गेल्यावर, मध्यरात्रीनंतर, आणखी एका प्रोग्रामरनं स्वतंत्रपणे तीच गोष्ट शोधून कोअरला कळवली. इतरत्रही कुजबुज सुरू झाली होती. तोवर निम्म्याहून जास्त मायनिंग शक्ती नव्या कोडवर आलेली होती. मग कोअरनं सगळं सांगून टाकलं: चूक काय, कशी आली, कुणाला किती वाजता कळलं, काय लपवलं आणि का लपवलं. मॅक्सवेल यांनी जपलेला तो हॅशही त्यात होता. चुकीला क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०१८-१७१४४. बिटकॉइनच्या साखळीत तिचा फायदा कुणी घेतलेला नव्हता. एकूण नाणी मोजून हे कुणालाही पडताळता येत होतं, आणि लोकांनी ते पडताळलं. ‘पिजनकॉइन’ नावाच्या एका छोट्या चलनाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. त्यांनी कोअरचाच कोड उचलला होता, दुरुस्ती वेळेवर घेतली नाही आणि कुणीतरी सुमारे साडेतेवीस कोटी खोटी नाणी पाडली.

काही दिवसांनी तो पहिला संदेश पाठवणारा पुढे आला. तोही टोपणनावानंच: ऑमेनी. त्यानं लिहिलेल्या हकिकतीच्या मथळ्यातच ते ६०० मायक्रोसेकंद होते, आणि तिच्यात कोअरवाल्यांच्या आत्मविश्वासाला चांगलेच टोले होते. टोले द्यायचा हक्क त्यानं कमावलेला होता. ‘संगणक बंद पडतो’ एवढंच आधी ठाऊक असतं तरी मंदीचा सौदा करून गब्बर होता आलं असतं. तो मोह त्याला का झाला नसावा याचा अंदाज बांधायला त्याच वर्षीचं दुसरं एक प्रकरण उपयोगी पडतं.

एप्रिल २०१८ मध्ये एमआयटीच्या डिजिटल करन्सी इनिशिएटिव्हमध्ये काम करणाऱ्या कोरी फील्ड्स यांना, म्हणजे कोअरच्या माणसाला, ‘बिटकॉइन एबीसी’च्या कोडमध्ये जीवघेणी चूक सापडली. कोडची फेरमांडणी करताना सहीच्या प्रकाराची एक तपासणी गळाली होती. बेतून केलेला एकच व्यवहार बिटकॉइन कॅशच्या साखळीचे दोन तुकडे करू शकत होता. कळवायचं तर होतं, पण कुणाला आणि कसं? सुरक्षेसाठी ठेवलेला पत्ता सापडेना, गुप्त संदेश पाठवायला खात्रीची किल्ली सापडेना. त्यातून भीती अशी, की मी सांगितलं आणि दुरुस्ती व्हायच्या आत तिसऱ्याच कुणी डाव साधला, तर संशयाची सुई माझ्याकडेच वळणार. म्हणून त्यांनीही नाव लपवूनच कळवलं. मे महिन्यात दुरुस्ती जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच्या नावानिशी सगळा वृत्तांत लिहिला. पाच आठवड्यांनी ऑमेनीचा संदेश उलट दिशेनं आला, आणि पहिल्याच तासात तो वाचणाऱ्यांत फील्ड्सही होते.

इतकं सगळं सुखरूप पार पडल्यावर कुणी म्हणेल, मग गुपित राखणं बरंच की! मला तसं सरसकट म्हणवत नाही. त्याच वर्षी १ मार्चला ‘झीकॅश’ या चलनाच्या गणितातली चूक एरियल गॅबिझोन यांना सापडली. तिच्यातूनही खोटी नाणी पाडता आली असती. ते गुपित चौघांनी आठ महिने सांभाळलं, ऑक्टोबरच्या अद्ययावतीकरणात गाजावाजा न करता भोक बुजवलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जगाला सांगितलं. त्यांनाही पर्याय नसावा. पण झीकॅशचे व्यवहार झाकून ठेवता येतात, त्यामुळे मधल्या काळात कुणी नाणी पाडली का हे बाहेरच्या माणसाला मोजून बघता येत नाही. तीन दिवस आणि अकरा महिने यातला फरक नुसत्या कालावधीचा नाही. एका ठिकाणी पडताळणी लोकांच्या हाती होती, दुसऱ्या ठिकाणी चौघांचा शब्द मानायचा होता.

बिटकॉइनमध्ये मात्र दुरुस्ती घेण्याची सक्ती शेवटपर्यंत कुणी कुणावर करू शकलं नाही. सगळं जाहीर झाल्यावरही कितीतरी नोड जुन्याच आवृत्तीवर महिनोन्‌महिने चालत राहिले, आणि तो त्यांच्या चालकांचा हक्कच होता. जाळं तरलं, कारण मायनर हलले; नुकसान झालं तर पहिलं त्यांचं झालं असतं.

‘किती काळ लपवायचं’ याचा लेखी नियम करायला कोअरच्या मंडळींना पुढे सहा वर्षं लागली. २०२४ मध्ये त्यांनी धोरण जाहीर केलं: चूक किरकोळ असेल तर दुरुस्तीची आवृत्ती आल्यावर दोन आठवड्यांनी सगळं सांगायचं, मध्यम किंवा गंभीर असेल तर चूक असलेल्या शेवटच्या आवृत्तीची देखभाल संपेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, थांबायचं. सगळ्यात वरच्या पायरीला, अतिगंभीर चुकांना, त्यांनी नियमच लावलेला नाही. त्यांचं काय करायचं ते ज्या त्या वेळी बघून ठरवायचं, असं धोरणातच लिहिलं आहे.